जॉयस्टिक वाकडी चालते, त्यात लाईनचा काय दोष?

एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्यावरून मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हापासून आमच्या अमरावतीकडच्या खेड्यापाड्यातल्या पोट्ट्यांना विमानाचं भलतंच वेड लागलंय. कोणी सेकंडहॅन्ड कॉम्प्युटरवर फ्लाइटगिअर हा विमान चालवायचा सिम्युलेटर टाकते (फुकट आहे नं), कोणी नागपूरला बर्डीवरून ते विमान वळवायची जुनी जॉयस्टिक घेऊन येते, आणि थोड्याच दिवसात सगळ्यांची तक्रार एकच, विमान आपोआप डावीकडं जाते. मग गावातले जाणकार जमा होतात आणि निकाल देतात, "आपल्याकडं व्होल्टेज डाऊन असते नं भाऊ, त्यानंच होते हे." हे ऐकलं की माझं डोकं सरकते, म्हणून हा लेख.

जॉयस्टिकच्या दांड्याखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक डावं-उजवं मोजायला, एक पुढं-मागं. नाव मोठं आहे पण जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागं जो पार्ट असते तोच हा. आत कार्बनची एक वळलेली पट्टी, तिच्या एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला शून्य, आणि पट्टीवर घासत सरकणारी धातूची बारीक पत्ती. पत्ती मधोमध असली की तिच्यावर २.५ व्होल्ट मिळतात, दांडा कलवला की ते वाढतात नाहीतर घटतात. जॉयस्टिकमधली चिप त्याचा आकडा बनवते. १० बिटची चिप असली तर आकडे ० ते १०२३.

आता खरी गंमत, आणि मला इलेक्ट्रॉनिक्समध्ये सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. बहुतेक जॉयस्टिकमधली चिप व्होल्ट मोजतच नाही, ती फक्त पत्तीवरचा व्होल्टेज हा पट्टीला दिलेल्या व्होल्टेजचा कितवा हिस्सा आहे एवढंच बघते. समजा ५ चे ४.६ झाले, तर मधोमध २.३ मिळतील, पण २.३ हे ४.६ चं अर्धंच आहे नं, म्हणजे आकडा पुन्हा ५१२ च्या आसपासच! तसंच उन्हाचं. मे महिन्यात टिनाच्या खोलीत ४५ डिग्री झालं, कार्बनचा रोध (विजेला होणारा अडथळा) बदलला, तरी पत्तीच्या दोन्ही बाजूंचा सारख्याच प्रमाणात बदलते, भागाकार केला की तो बदल उडून जाते. आणि मुळात भिंतीतल्या लाईनचा चढउतार कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आधीच सांभाळून घेते, यूएसबीला ५ च्या जवळपासच मिळते. लाईनवर आळ घेऊ नका, तिच्या नावावर आधीच भरपूर गुन्हे आहेत.

बाहेरच्या गोष्टीनं जॉयस्टिक वाकडी चालते हा समज आला कुठून तेही सांगतो. १९८१ च्या आयबीएम पीसीसोबत जो गेमपोर्ट आला, त्या जॉयस्टिक जोडायच्या १५ पिनच्या सॉकेटमध्ये हा भागाकार नव्हताच. तिथं पोटेन्शिओमीटरमधून एक कपॅसिटर (वीज साठवणारा बारीक पार्ट) चार्ज व्हायचा आणि त्याला किती वेळ लागला ते मोजायचे. सूत्र असं, २४.२ अधिक ०.०११ गुणिले रोध (ओहममध्ये), उत्तर मायक्रोसेकंदात. १ लाख ओहमला साधारण ११२४ मायक्रोसेकंद, निम्म्या रोधाला ५७४. म्हणजे रोध थेट मोजला जायचा, गरमीनं तो हलला की विमानही हललं. त्यात काही प्रोग्राम हा वेळ आपल्या लूपच्या फेऱ्या मोजून काढायचे, त्यामुळं कॉम्प्युटर फास्ट घेतला की आकडे बदलले. म्हणून तेव्हा जो तो उठसूट कॅलिब्रेशन करायचा, म्हणजे दांड्याची टोकं आणि मध्य कॉम्प्युटरला पुन्हा दाखवून द्यायचा. गेमपोर्ट गेला, सवय राहिली.

कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नाही हे आधी डोक्यात घ्या. कॉम्प्युटर प्रत्येक दिशेसाठी फक्त तीन आकडे लिहून ठेवते, डावं टोक, मध्य, उजवं टोक. समजा तुमच्या जॉयस्टिकचे ४०, ५३० आणि ९६०. आता पट्टीवर धूळ आहे आणि कॅलिब्रेशन करताना पत्ती क्षणभर उचलल्या गेली, आकडा उडून १०२३ वर गेला, तर कॉम्प्युटरनं तेच उजवं टोक धरलं. यानंतर तुम्ही दांडा उजवीकडं पूर्ण दाबला तरी ४३० भागिले ४९३, म्हणजे ८७ टक्केच वळण मिळणार. मोजणीच्या दिवशी धुऱ्याचा दगड कोणी शेजाऱ्याच्या वावरात सरकवून ठेवावा तसं झालं हे, आता नकाशा कितीही वेळा काढा, चूक तीच पक्की होत जाईल. म्हणून खराब जॉयस्टिक जितक्यांदा कॅलिब्रेट कराल तितकी ती बिघडल्यासारखी वाटते.

तर करायचं काय. विंडोजमध्ये रनमध्ये जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप करा, प्रॉपर्टीज उघडा, सेटिंग्जमध्ये 'रीसेट टू डिफॉल्ट' दाबा, मग टेस्टवर या. तिथं चौकोनात एक छोटं अधिकचं चिन्ह दिसते. दांड्याला हात न लावता बघत राहा. चिन्ह स्थिर आहे पण मध्यावर नाही, तर कॅलिब्रेशन करा, एकदाच. चिन्ह थरथरते किंवा उड्या मारते, तर दोष पट्टीचा. आणि चिन्ह बरोबर मधात असून फक्त विमानच डावीकडं जात असेल तर जॉयस्टिकला उगाच शिव्या देऊ नका, ते विज्ञान आहे! सेसना १७२ सारख्या एका इंजिनाच्या विमानात पंख्यानं फेकलेली हवा गोल फिरत मागं जाते आणि शेपटाच्या उभ्या पात्याला डावीकडून धडकते, शेपूट उजवीकडं ढकललं की नाक डावीकडं. टेकऑफला खरे पायलटही उजवा रडर (शेपटाचं वळणारं उभं पातं) पायानं दाबतात. तुमच्या जॉयस्टिकचा दांडा पिळल्या जात असेल तर उजवीकडं थोडा पिळा, झालं. दुसरं, दोन कंट्रोलर लावलेले असले तर एकच काम दोघांना दिलं गेलंय का तेही सेटिंगमध्ये बघा.

एका घरी कॉम्प्युटरच्या मॉनिटरला लिंबू-मिरची बांधलेली बघितली, नजर लागते म्हणे. त्याच कॉम्प्युटरवर 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये ठीक' वालं पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअरही होतं. माझ्या मते दोन्ही एकाच जातीचे उपाय, लिंबू स्वस्त तरी पडते. ती जॉयस्टिक खोलली तर आत स्प्रिंगला कापसाचे तंतू गुंडाळलेले (कापूस शेजारच्याच खोलीत भरून होता) आणि पट्टी मधोमध घासून चकचकीत झालेली. मधोमधच, कारण दांडा सोडला की पत्ती तिथंच येऊन बसते, सगळी घासाघीस तिथंच होते.

अशा वेळी कॉन्टॅक्ट क्लीनरचा (इलेक्ट्रॉनिक पार्ट साफ करायचा स्प्रे) एक फवारा आत मारा, दांडा वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, वाळू द्या, मग कॅलिब्रेशन. खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल अजिबात नाही, त्यावर धूळ आणखी चिकटते. थरथर बारीकशी उरली तर सिम्युलेटरमध्ये डेडझोन (मध्याजवळची जी हालचाल कॉम्प्युटर धरतच नाही) तीन-चार टक्के ठेवा, जास्त ठेवला तर लँडिंगच्या वेळी दांडा हलवूनही विमान ऐकत नाही.

पट्टी पारच घासली असेल तर पोटेन्शिओमीटर बदलावा लागते. जुन्यावर छापलेलं असते ते वाचून तसाच मागा, बी१०के म्हणजे १० हजार ओहम, सरळ चालीचा. दुकानदार कधी कधी आवाजाच्या बटणाचा ए१०के टेकवते, त्याची चाल सरळ नसते, दांडा मधात असला तरी आकडा भलतीकडंच येते, आणि मग पुन्हा सगळे म्हणतील व्होल्टेज डाऊन आहे.