ड्रेन प्लग सोडला म्हणजे कूलंट संपलं?

बडोद्यात दांडिया बाजारात गाड्यांचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच: रेडिएटरखालचा ड्रेन प्लग सोडा, सगळं जुनं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बाहेर. हायब्रिडच (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी) काय, साध्या गाडीतही हे खरं नाही. इंजिन ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत बरंच कूलंट अडकून राहतं. ब्लॉकला वेगळा प्लग असेल तर तोही सोडावा लागतो.

टोयोटाच्या बहुतेक हायब्रिडमध्ये इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणारा भाग) कूलंट-सर्किट स्वतंत्र असतं. त्याची टाकी निराळी, पंप विजेवर चालणारा. नेमकी हीच टाकी विसरली जाते! नवं कूलंट भरल्यावर पंप चालवून टाकीत बुडबुडे येणं थांबेपर्यंत पातळी बघत राहायचं. टोयोटाचं गुलाबी कूलंट तयार मिश्रणच असतं, त्यात पाणी घालू नका. झाकण अर्थातच इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडायचं.