सुरुंग काढायचे कोणी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा पोरगा सैन्यात गेला की लोक गृहीत धरतात, 'मराठा सेंटर'! १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, त्यामुळे ते साहजिकच. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे सैन्यातल्या अभियंता दलाचं, नाव आपल्याकडे कमी निघतं. भूसुरुंग काढण्याचं काम मात्र त्यांचं.

सीमाभागातलेच रामा राघोबा राणे या सॅपर्समधले, कारवारजवळच्या चेंडियाचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्ता मोकळा करताना उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान गेले, ते स्वतः जखमी झाले. तरीही रणगाड्याखाली शिरून, चालकाला दोरीने इशारे देत ते पुढे सरपटत राहिले. परमवीर चक्र मिळालं. त्याआधी १९४१ मध्ये सुदान-ॲबिसिनिया सरहद्दीवर याच सॅपर्सच्या प्रेमिंद्रसिंग भगतांनी चार दिवसांत ५५ मैलांवरचे १५ सुरुंगपट्टे साफ करून घेतले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

पण ही सफाई रणगाडा जाईल एवढ्या वाटेची. लढाई संपल्यावर शेतकऱ्याला अख्खं शिवार हवं असतं, वीतभर जमीनही सोडून चालत नाही.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरील हल्ल्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये पंजाब, राजस्थान, जम्मूच्या सरहद्दीवरच्या पिकत्या जमिनींतही सुरुंग पेरले गेले. पुढच्या ऑक्टोबरात सैन्य मागे घ्यायचं ठरलं आणि ते उकरणं आलं. नकाशे होते, पण पाऊस आणि वाळू नकाशा बघून चालत नाहीत. शिवाय प्लॅस्टिकच्या सुरुंगात धातू नावालाच असेल तर शोधयंत्र गप्प राहतं. म्हणूनच १९९६ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय नियमावलीने माणसांविरुद्धच्या सुरुंगात किमान ८ ग्रॅम लोखंडाइतका संकेत देणारा धातू सक्तीचा केला. भारताने ती स्वीकारली आहे. सुरुंगांवर पूर्ण बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारात मात्र आपण नाही.

याच नियमावलीनुसार लढाई थांबल्यावर सफाईची जबाबदारी जमीन ज्याच्या ताब्यात, त्याची. पेरणारा निघून गेला असेल तर त्याने मदत करायची. मला हे पेरणाऱ्याच्या सोयीचं वाटतं. एल अलामेनच्या १९४२ च्या लढाईत ब्रिटिश, जर्मन, इटालियन सैन्यांनी पेरलेले सुरुंग इजिप्तच्याच गळ्यात पडले.

श्रीलंकेत २००९ नंतर उत्तरेकडची जमीन साफ करायला भारत सरकारच्या पैशाने जी पथकं गेली, त्यांत आपले निवृत्त सैनिकच होते.