लहान मुलांचा ल्युकेमिया आणि नर्सचं ज्ञान

लहान मुलांचा ल्युकेमिया, म्हणजे घरात ज्याला सरळ रक्ताचा कॅन्सर म्हणतात तो, वेळेत ओळखायला, त्याची औषधं न चुकता द्यायला आणि पोराला घरी कसं सांभाळायचं ते आईबापाला शिकवायला नर्सला जे माहीत असावं लागतं त्याबद्दलची ही नोंद. मुलांच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा हाच, त्यातल्या साधारण चारातल्या तीन मुलांना अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया म्हणजे एएलएल असतो, आणि वय बहुतेक करून २ ते ५.

बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त बनवणाऱ्या मगजात, कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगलं रक्त बनायला जागाच उरत नाही. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की लक्षणांची यादी पाठ करावी लागत नाही. लाल पेशी कमी म्हणून पोर पांढरंफटक, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी म्हणून हिरड्यांतून रक्त आणि कुठे न पडता अंगावर काळेनिळे डाग, कामाच्या पांढऱ्या पेशी कमी म्हणून ताप हटत नाही, आणि मॅरो ठासून भरलेला म्हणून हाडं दुखतात. हे हाडांचं दुखणंच सगळ्यात जास्त हुकतं बघा, कालपर्यंत अंगणभर पळणारं पोर लंगडायला लागतं, कडेवर घे म्हणून रडतं, आणि सगळे म्हणतात वाढीचं दुखणं आहे, कुठेतरी पडला असेल. अशा वेळी पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) सिस्टरने खालची पापणी ओढून बघितली, मानेत-काखेत गाठी चाचपल्या आणि डॉक्टरांना साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करून घ्यायला सांगितलं तरी कितीतरी आठवडे वाचतात. निदान व्हायच्या आधी स्टेरॉइड पडलं तर पोर चार दिवस टवटवीत दिसतं पण पेशी दबतात आणि निदान लांबतं, हेही तिला ठाऊक हवं.

१९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरीन हे औषध देऊन काही मुलांचा आजार थोडे महिने का होईना मागे हटवून दाखवला. आज श्रीमंत देशांत एएलएलची ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. गरीब देशांत मात्र मुलांच्या एकूण कॅन्सरमध्ये बरं होण्याचं प्रमाण कित्येक ठिकाणी ३० टक्क्यांच्याही खाली आहे, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये २०३० पर्यंत किमान ६० टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं. मुख्य औषधं दोन्हीकडे बरीचशी तीच आहेत. उशिरा निदान, अर्ध्यात सोडलेली ट्रीटमेंट, किमोमध्ये झालेलं इन्फेक्शन, मुलं जातात ती यात, आणि या तिन्ही ठिकाणी नर्स उभी असते.

व्हिन्क्रिस्टीनचंच घ्या. आपल्या दारातल्या सदाफुलीतून निघालेलं हे औषध एएलएलच्या ट्रीटमेंटचा कणा आहे, पण ते फक्त शिरेतूनच द्यायचं. पाठीच्या मणक्यातून गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव जातो. आता चूक कशी होते ते बघा: एकाच दिवशी पोराला पाठीतून मेथोट्रेक्सेट हे दुसरं किमोचं औषध आणि शिरेतून व्हिन्क्रिस्टीन असतं, दोन्ही सिरिंज एकाच ट्रेमध्ये, प्रोसिजर रूममध्ये घाई, पोर रडतंय. म्हणून व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये भरायचंच नाही, सलाईनच्या छोट्या पिशवीत घालून लावायचं, पिशवी कोणी पाठीच्या सुईला जोडणार नाही. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच सांगितलं. शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, तेव्हा औषध लगेच बंद करून गरम शेक द्यायचा, डॉक्सोरुबिसिन हे किमोचं औषध असेल तर मात्र थंड.

तापाचं तसंच. किमोनंतर काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पडलेले असतात, आणि रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी १२०० दिसल्या तरी त्यात जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी १० टक्के असतील तर लढायला पेशी फक्त १२०, म्हणजे ५०० या धोक्याच्या रेषेच्या कितीतरी खाली. हा गुणाकार सिस्टरला उभ्या उभ्या जमला पाहिजे. अशा पोराला १०१ फॅरेनहाइट ताप आला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, कल्चर (जंतू शोधायला रक्ताचा नमुना) घेऊन तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस गेलाच पाहिजे, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही, एनिमा नाही, प्लेटलेट कमी असतील तर कमरेत इंजेक्शन नाही.

नर्सिंगच्या एमएस्सीत या विषयावर प्रबंध होतात, आधी प्रश्नपत्रिका, मग लेक्चर, मग परत तीच प्रश्नपत्रिका, आणि मार्क वाढतात. माझं मत असं की यातून व्याख्या आणि लक्षणं आठवली एवढंच कळतं, पिशवी नीट लावली का ते कळत नाही. ते वॉर्डात अनुभवी सिस्टरच्या शेजारी उभं राहूनच येतं. आणि इतकं शिकलेल्या सिस्टरची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली की सगळं पहिल्यापासून, म्हणूनच मुलांच्या कॅन्सरवर काम करणारी सिओप ही आंतरराष्ट्रीय संघटना म्हणते की अशा नर्सना वॉर्डावॉर्डात फिरवू नका.

डिस्चार्जच्या वेळचं बोलणंही याच ज्ञानात येतं. मेंटेनन्स, म्हणजे घरी गोळ्या घेण्याचा शेवटचा लांबलचक टप्पा, दोन वर्षांच्या आसपास चालतो, पोर खेळायला लागलेलं असतं, परळच्या टाटाला जाऊन येऊन घरचे थकलेले असतात, आणि बरा झाला की आता म्हणून गोळ्या सुटतात. त्यात मर्कॅप्टोप्युरीन रोजची आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ती चुकून रोज गेली तर जिवावर बेतते, म्हणून पाकिटावर ठळक अक्षरात 'फक्त सोमवारी' असं लिहून आईकडून वाचून घ्यायचं. शेजारी कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी फोन करायचा. आणि पल्स पोलिओच्या रविवारी ना या पोराला ना घरातल्या भावंडांना तोंडावाटे डोस द्यायचा, कारण त्यातला जिवंत विषाणू भावंडांकडून याच्यापर्यंत पोचू शकतो, भावंडांना इंजेक्शनवाली लस मिळते. बूथवरच्या ताई आग्रह करतील, तेव्हा त्यांना दाखवायला ही सूचना फाईलच्या पहिल्याच पानावर लिहून द्यावी.