शून्य वेग, पण त्वरण ९.८

सरळ वर फेकलेला चेंडू टोकाला पोहोचतो त्या क्षणी त्याचं त्वरण किती? हा प्रश्न विचारून बघा. विज्ञान शिकलेली मंडळीही बिनदिक्कत 'शून्य' म्हणतात. शून्य असतो तो वेग.

वेग किती झपाट्याने बदलतोय, ते त्वरण. चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने वर सोडला आणि हवेचा विरोध विसरलो, तर एका सेकंदाने वेग ९.८, दोन सेकंदांनी शून्य, तीन सेकंदांनी पुन्हा ९.८, पण खालच्या दिशेने. दर सेकंदाला ९.८ची वजाबाकी अखंड चालू असते. टोकावर ती थांबली असती तर चेंडू तिथेच लटकला असता!

आता माझ्या आवडीची गोष्ट. मोबाइलमध्ये त्वरणमापक असतो. सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा सिलिकॉनच्याच लवचीक पट्ट्यांवर तोललेला असतो. त्याला कंगव्यासारखे दाते असतात आणि ते चौकटीच्या स्थिर दात्यांमध्ये शिरलेले असतात. ठोकळा जरासा सरकला की दात्यांमधलं अंतर बदलतं, त्यासरशी विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि त्यावरून आकडा निघतो. टेबलावर निवांत पडलेला मोबाइल मात्र ९.८ दाखवतो, आणि पडताना शून्य! कारण हे यंत्र खरं तर पट्ट्यांवरचा ताण मोजतं. टेबलावर पट्ट्यांना ठोकळा पेलावा लागतो. पडताना चौकट आणि ठोकळा सारख्याच त्वरणाने खाली जातात, मग कोण कोणाला पेलणार? तोच मापक चेंडूत बसवला, तर हातातून सुटल्यापासून, चढताना, टोकावर, उतरताना, तो शून्याजवळच राहील. १९०७ साली आइन्स्टाइनला सुचलेला विचार हाच: मुक्तपणे पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही.

म्हणूनच अंतराळस्थानकाच्या बातम्यांमधलं 'तिथे गुरुत्वाकर्षणच नाही' हे वाक्य खटकतं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं. स्थानक आणि त्यातली माणसं एकत्र पडत असतात, इतकंच. 'गुरुत्वाकर्षणावर मात' करणारी यंत्रं विकणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असलेल्या काही लॅपटॉपमध्ये या शून्याचा छान उपयोग केलेला असे. पाऊण मीटर उंच टेबलावरून जमीन गाठायला साधारण ०.४ सेकंद लागतात. तिन्ही दिशांचे आकडे शून्याकडे गेले की लॅपटॉप पडतोय हे ओळखून, तो आपटण्याआधीच हार्ड डिस्कची वाचनसुई तबकडीवरून बाजूला घेतली जाई.