रिटुक्सिमॅब (आमवातावरील उपचार)

रक्तातील बी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नष्ट करणारे प्रतिपिंड-औषध, म्हणजे अँटिबॉडी. मुळात हे कर्करोगाचे औषध. १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला लिम्फोमासाठी (लसिका पेशींचा कर्करोग) मान्यता मिळाली. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवातासाठी ती मिळायला २००६ उजाडले.

या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी बोटे इतकी आखडतात की सदऱ्याचे बटण लागत नाही. १९९० च्या दशकात संशोधकांचा रोख टी-पेशींवर, म्हणजे दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर होता. त्यांना मारणारी प्रतिपिंडे देऊन पाहिली. टी-पेशी घटल्या, काहींच्या रक्तात वर्षानुवर्षे घटलेल्याच राहिल्या, सांधे मात्र फारसे सुधारले नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील जोनाथन एडवर्ड्स यांनी बोट ठेवले ते बी-पेशींवर. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरसारखी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी स्वतःच स्वतःला चेतवत राहतात, त्या एकदा साफ केल्या की चक्र तुटेल, असा त्यांचा तर्क होता. २००४ मध्ये १६१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. २४ आठवड्यांनी लक्षणे निदान निम्म्याने कमी झालेले रुग्ण नुसत्या मेथोट्रेक्सेटवर (आमवाताचे नेहमीचे औषध) १३ टक्के, तर जोडीला रिटुक्सिमॅब घेतलेल्यांत ४३ टक्के होते. तर्क अर्धाच खरा ठरला म्हणायचे, कारण चक्र कायमचे तुटत नाही. बी-पेशी साधारण सहा ते नऊ महिन्यांत परततात आणि बहुतेकांना औषध पुन्हा घ्यावे लागते.

त्या परततात, कारण औषध ज्या सीडी-२० प्रथिनाला चिकटते ते अस्थिमज्जेतील मूळ पेशींवर नसते. बी-पेशींपासून घडणाऱ्या आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्रौढ प्लाझ्मा पेशींवरही ते नसते, म्हणून जुनी प्रतिकारशक्ती एकदम संपत नाही.

मात्रा १००० मिलिग्रॅमची, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा, सलाईनमधून. आधी स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीविरोधी औषध देतात. पहिल्या वेळी थेंब अगदी सावकाश सोडतात, तासाला ५० मिलिग्रॅम. घसा खवखवला, अंगाला खाज सुटली की नर्स आधी सलाईन थांबवते. बी-पेशी झपाट्याने मरताना दाहक रसायने बाहेर पडतात, शिवाय प्रतिपिंडाचा काही भाग उंदराचा असतो, म्हणून शरीर असे कुरकुरते.

हिपॅटायटिस बी दबा धरून असेल तर तो उसळू शकतो, म्हणून तपासणी आधीच करतात. क्षयाची भीती मात्र टीएनएफ-रोधकांपेक्षा (दाह वाढवणारे टीएनएफ प्रथिन अडवणारी आमवाताची औषधे) कमी. भारतात ही बाब लहान नाही. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये ‘रेडिटक्स’ नावाने त्याची स्वस्त आवृत्ती आणली. लस घ्यायची तर औषधाआधी. नंतर ती नीट लागू पडत नाही, हे कोविडकाळात ठळकपणे दिसले.