आफ्रिकेतला पैसे भरून बघायचा टीव्ही आणि फुकट डब्याचं भांडण

दक्षिण आफ्रिकेत मुळात टीव्हीच आला 1976 ला, आणि दहा वर्षांत, ऑक्टोबर 1986 मध्ये, एम-नेट हा महिन्याचे पैसे भरून बघायचा चॅनल सुरू पण झाला. सरकारी टीव्ही जाहिराती ओढायला लागल्यावर पेपरवाले ओरडत होते, म्हणून त्यांनाच मिळून चॅनल काढायची परवानगी दिली, पण अट काय तर बातम्या दाखवायच्या नाहीत! संध्याकाळी थोडा वेळ सिग्नल सगळ्यांना खुला असायचा, वेळ संपली की डीकोडर (सिग्नल उलगडणारा डबा) नसलेल्या घरात चित्र विस्कटायचं. गिऱ्हाईक ओढायची ही युक्ती 2007 पर्यंत चालली.

1995 ला सॅटेलाइटवर डीएसटीव्ही नावाचं पे-टीव्ही आलं आणि नायजेरिया, केनिया सगळीकडे पसरलं, मुख्य कारण फुटबॉल. टक्कर द्यायला आलेले बरेच बुडाले, स्वस्त पॅकवाली चिनी कंपनी मात्र टिकली.

दक्षिण आफ्रिकेत खरा राडा झाला तो सेट-टॉप बॉक्सवरून. अ‍ॅनालॉग बंद करून डिजिटल करायचं तर सुमारे 50 लाख गरीब घरांना सरकार डबे देणार होतं, प्रश्न एवढाच की त्यात सिग्नल लॉक करायची (म्हणजे परवानगी असलेल्या डब्यातच चित्र दिसेल अशी) सोय ठेवायची का. फुकट दिसणाऱ्या खासगी चॅनलचं म्हणणं ठेवा, नाहीतर चांगले एचडी कार्यक्रम आम्हाला कोण देणार. डीएसटीव्हीवाल्या मोठ्या पे-टीव्ही कंपनीचं म्हणणं, सरकारी पैशाने आमचे स्पर्धक कशाला पोसता. वरवर पटतं, पण ती सोय असती तर नवीन पे-चॅनलवाल्याला आयते डबे मिळाले असते, त्यामुळे पोटात का दुखत होतं ते कळतंच. त्यात याच कंपनीने 2013 ला सरकारी वाहिनीशी करार केला, त्यातही सरकारी चॅनल लॉक करायचे नाहीत असं कलम होतं. 2015 मध्ये मंत्र्यांनी धोरण बदलून लॉक नको असं ठरवलं, 2016 ला अपील कोर्टाने ते उडवलं, आणि 2017 मध्ये सगळ्यात वरच्या कोर्टाने परत मंत्र्यांच्या बाजूने निकाल दिला. भांडण मिटेपर्यंत जुनं प्रसारण बंद करायची जून 2015 ची आंतरराष्ट्रीय मुदत कधीच उलटून गेली होती, आणि सरकारने नंतर ठरवलेली मार्च 2025 ची तारीखही कोर्टानेच थांबवली.

त्याच वर्षी ती मोठी कंपनी फ्रेंचांनी घेतली. तिथल्या कायद्याने टीव्ही कंपनीत परदेशी माणसाला मतदानाचे हक्क 20 टक्क्यांपर्यंतच, म्हणून लायसन्स वेगळ्या स्थानिक कंपनीत काढून ठेवलं.