डोंगरातलं अंतर तासांत मोजा

शहादा-चोपड्याच्या सपाटीवर सहा किलोमीटर म्हणजे मोटारसायकलवर दहा-पंधरा मिनिटं. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात तेवढ्याच अंतरात अर्धा दिवस मोडू शकतो. आरोग्यसेवेची आखणी मात्र आपण डोकी मोजून करतो. सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ-आदिवासी भागात २०,००० मागे. उपकेंद्राला ५,००० आणि ३,०००. डोंगराला दिलेली ही सूट रास्तच आहे, पण तिच्यात चढ, नाला आणि पावसाळा कुठेच येत नाही.

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला: साधारण ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे ६०० मीटर चढाच्या ६ किलोमीटर वाटेला सव्वादोन तास, तेही धडधाकट माणसाला. इथे बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खांद्यावर आणावं लागतं. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेचं 'अ‍ॅक्सेसमॉड' हे सॉफ्टवेअर चढ-उतार आणि रस्ते पाहून असा प्रवासवेळ काढतं. पण आषाढात कोणता नाला किती दिवस वाट अडवतो, रात्री कुणाची जीप मिळते, झोळी उचलायला पाड्यावर चार माणसं असतात का, हे त्याला पाड्यानेच सांगायला हवं. त्यासाठी अंगणात राख, खडे नि काटक्यांनी गावाचा नकाशा मांडतात. बायकांचा नकाशा वेगळा घ्यावा, आणि बोलणं भिली-पावरीत व्हावं. एरवी मराठी येणारे दोघे-तिघेच बोलतात. वेळही महत्त्वाची. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्यांचं म्हणणं येणार कुठून? होळीला बरेच जण परततात, तेव्हा बसावं.

नंदुरबारला हे नवखं नाही. २००७ मध्ये राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावाने सेवेला हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचा. मोलाचं काम. तरी ही तपासणी सेवा उभी राहिल्यानंतरची. विचारायला हवं ते जागा ठरण्याआधी.

माहेरघराचंच घ्या. दूरच्या पाड्यावरच्या गरोदर बाईने दिवस भरण्याआधी आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावं, ही योजना वाटेतले ते जीवघेणे तास वाचवते. पण घरी लहान मुलं, शेळ्या आणि बुडणारी मजुरी असताना ती कशी येणार? सोबत कोण राहील, चूल कुठे पेटवायची, हे खोलीचा आराखडा काढण्याआधी तिला आणि तिच्या सासूला विचारावं.